खरवसावरची नावं

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे खरवसअण्णा म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, यांच्या घरी गाय व्यायली असेल, नाहीतर यांना खरवस भारी आवडत असेल. दोन्ही चूक. अण्णांच्या गोठ्यात शेळीसुद्धा नव्हती, आणि गोड खाल्लं की त्यांची दाढ ठणकायची. खरवस होता तो त्यांच्या टेबलावर, जस्ताच्या दोन ताटांत, आणि तो कुणी खाल्ला असता तर थेट दवाखान्यात गेला असता.

ऑफिस कुठलं ते विचारू नका. कर्जत-खालापूरच्या बाजूचं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे. नवे पैसे आणि किलो तेव्हा नुकतेच आले होते आणि लोक अजून पायली-शेरातच बोलत होते. ऑफिसात टाइपरायटर एकच, तोही इंग्रजी. मराठी नोटीस काढायची तर हातानं लिहा. आणि एका नोटिशीच्या चाळीस प्रती हव्या असल्या की अण्णांना हाक मारा.

त्यांची रीत अशी. जिलेटिन, ग्लिसरीन आणि थोडी साखर पाण्यात शिजवायची आणि ताटात ओतायची. थिजलं की थुलथुलीत जेली तयार, अगदी खरवसासारखी. मग कडक कागदावर जांभळ्या शाईनं मजकूर लिहायचा, तो कागद जेलीवर पालथा टाकायचा, दोन-तीन मिनिटं दाबून ठेवायचा आणि अलगद सोलायचा. अक्षरं जेलीत उतरायची, उलटी. त्यावर कोरा कागद टाकून उचलला की कागदावर अक्षरं सुलटी. मग दुसरा कागद, तिसरा, चौथा. पहिली प्रत गर्द जांभळी यायची, विसावी विटलेली, आणि चाळिसावी उजेडात धरून, डोळे बारीक करून वाचावी लागायची. प्रती काढून झाल्या की त्या ताटाला दोन दिवस हात लावायचा नाही. उरलेली शाई हळूहळू खाली बसते आणि वरून जेली पुन्हा कोरी होते. म्हणून ताटं दोन होती. एक कामावर, एक निजलेलं. अण्णा त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे.

निजलेल्या ताटाजवळ कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपायचं नाही. "हळू रं, ती झोपलीय," असं म्हणून ते खरोखर ओठांवर बोट ठेवायचे. त्यामुळे ओठही जांभळे. बोटं तर बारा महिने जांभळं खाल्ल्यासारखी. सदऱ्याच्या बाह्या, नाकाचा शेंडा, कानाची पाळी, जिथे जिथे म्हणून माणसाला खाज सुटते तिथे तिथे अण्णा जांभळे होते. त्यांनी हाताळलेल्या प्रत्येक कागदाच्या कडेला बोटांचे ठसे असायचेच. हेडक्लार्क म्हणायचे, "अण्णा, तुमचा कागद ओळखायला सही लागत नाही." पुढे जे झालं त्यात या डागांचा मोठा हात आहे, म्हणून सांगून ठेवते.

साखरेमुळे मुंग्या यायच्या, म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पावसाळ्यात बुरशी धरायची, म्हणून जेलीत लवंगेचं तेल. आमच्याकडे कामाला आलेली माणसं दारात थबकून विचारायची, "इथं दात काढतात का?" आणि चैत्र-वैशाखात तर ऑफिसचं घड्याळच जेलीच्या हातात जायचं. बारा वाजून गेले की जेली सैल पडायची, एकपर्यंत पाणी. दुपारी साहेबांनी तातडीची नोटीस मागितली की अण्णा ओलं गोणपाट उचलून ताट दाखवायचे आणि सांगायचे, "साहेब, हिला ऊन सोसत नाही. सकाळी या." साहेबांना, त्यांच्याच ऑफिसात, सकाळी या!

पण साहेब मनापासून चिडले ते एकदाच, आणि ते प्रतींवरून. सगळीकडे पद्धत अशी की पहिली गर्द प्रत साहेबांच्या टेबलावर, मग हेडक्लार्क, मग गावची चावडी, आणि उरलेली फिकी डोंगरातल्या वाड्यांना. अण्णांचं उलटं. पहिली प्रत सगळ्यांत लांबच्या वाडीला आणि चाळिसावी साहेबांना.

"मला काय दिव्यदृष्टी आहे?" साहेब कागद नाचवत बाहेर आले. "यात एक अक्षर दिसत नाही."

"म्हणून तर आपण बाहेर आलात," अण्णा शांतपणे म्हणाले. "जवळच्याला फिकं चालतं साहेब. तो उठून येऊन विचारतो. लांबचा विचारायला येत नाही. तो गप बसतो."

साहेब कागदाची घडी घालून आत गेले. पण त्यानंतर अण्णा त्यांच्यासाठी मजकूर वेगळा शाईनं लिहून द्यायला लागले, आणि पहिली प्रत वाडीलाच जात राहिली.

अण्णा खोटं बोलायचे ते फक्त जेलीसाठी. एकदा कुणीतरी आमच्या सोवळ्या हेडक्लार्कांना सांगितलं की जिलेटिन हाडांपासून काढतात. झालं! त्या दिवसापासून हेडक्लार्क नोटिशी पट्टीनं उचलायला लागले. अण्णांनी त्यांच्यासाठी मुद्दाम चायना गवत, म्हणजे समुद्रातलं शेवाळ, शिजवून तिसरं ताट लावलं. दोन दिवसांत त्याला उन्हाळ्यातल्या खाचरासारख्या भेगा पडल्या. तिसऱ्या दिवशी अण्णांनी गवत टाकून दिलं, त्या ताटात जुनीच जेली ओतली आणि हेडक्लार्कांना म्हणाले, "आता जमलं बघा गवत." हेडक्लार्कांनी मिटक्या मारत नोटिशी हाताळल्या. मी अण्णांकडे बघितलं तर ते म्हणाले, "जेलीचा अपमान होत होता गं."

मी तेव्हा नवी होते. मॅट्रिक झाले, अक्षर चांगलं, म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. काम काय, तर अण्णांनी काढलेल्या प्रती तपासायच्या. वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले आणि घरात कमावती मी एकटी. सहा महिन्यांत एक जरी चूक सापडली तर घरी जायचं, हे हेडक्लार्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे मी चुका शोधायला टपून बसलेली असायचे. अण्णांची एखादी वेलांटी चुकली तरी मला केवढा हर्ष व्हायचा! ते म्हणायचे, "तुझी नजर तेज हाय पोरी. पण जरा घाई करतेस."

डोंगरात ठाकरांची एक वाडी होती. त्या उतारावर लोक नाचणी-वरई पिकवायचे, त्या तुकड्यांना तिकडे दळी म्हणतात. बापजाद्यांपासून कसत आलेल्या त्या दळी आता त्यांच्या नावावर व्हायच्या होत्या. जिल्ह्याहून मोठे साहेब बुधवारी अकरा वाजता येणार, यादी वाचणार, सही करणार. यादीत नाव असेल त्याला त्याचा तुकडा. नाव नसेल त्याचा तुकडा तिथल्या तिथे दुसऱ्याला.

यादी करायला अण्णा स्वतः मोजणीदाराबरोबर वाडीवर चढून गेले, आणि जाताना जांभळ्या शाईची बाटली घेऊन गेले. साध्या शाईनं लिहून आणायचं आणि खाली येऊन परत उतरवायचं हे त्यांना मंजूर नव्हतं. "दोनदा लिहिलं की दोनदा चुकायची सोय," असं त्यांचं म्हणणं. तिथेच, माणूस समोर बसवून, कडक कागदावर नाव लिहिलं आणि नावापुढे त्याच शाईत त्याचा अंगठा घेतला. मंगळवारी सकाळी लवकर येऊन थोरलीवर चाळीस प्रती काढल्या, गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि ग्लिसरीन आणायला नऊच्या गाडीनं मुंबईला गेले.

मी तपासायला बसले. तेवीस नावं. अकरावं नाव 'चांगू पदू पारधी'. बारावं नाव 'पदू चांगू पारधी'.

सापडली चूक! मला वाटलं, अण्णांनी उन्हात डोंगर चढून एकच नाव दोनदा लिहिलं, एकदा सरळ आणि एकदा उलटं. ठाकरांत आज्याचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे चांगूचा बाप पदू आणि चांगूचा मुलगाही पदू, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आणि नावांपुढचे अंगठे? ते मी बघितलेच नाहीत. अण्णांच्या कागदावर जांभळे ठसे, त्यात काय बघायचं! मला ते नेहमीचे डाग वाटले.

मी हेडक्लार्कांना दाखवलं. ते म्हणाले, "शाब्बास. मोठ्या साहेबांपुढे लाज गेली असती. ऊन चढायच्या आत नवी काढ." मी माझ्या सुबक अक्षरात बावीस नावांची यादी लिहिली. अंगठ्यांचे डाग अर्थातच वगळले. थोरली निजलेली म्हणून धाकटीवर प्रती काढल्या आणि एक लगेच वाडीवर पाठवली. चुकीचा सरकारी कागद मागे ठेवायचा नाही असा नियम, म्हणून अण्णांचा मूळ कागद आणि चाळीस प्रती शिपायानं बंबात घातल्या. त्याच पाण्याचा आम्ही चहा प्यायलो.

बुधवारी सकाळी दहा वाजता अण्णा बाटल्यांची पिशवी सांभाळत आले तेव्हा वाडीची माणसं ऑफिसच्या अंगणात बसलेली होती. एक पंचविशीतला माणूस उठून त्यांच्यापुढे आला. हातात आमची यादी.

"अण्णा, मास्तरनी वाचून दावली. बापाचं नाव हाय, माजं नाय. तुमी तर माज्यासमोर लिवलंत."

मागे त्याचा म्हातारा बाप उभा होता. तो म्हणाला, "त्याची दळी येगळी हाय, अण्णा. चूल येगळी हाय. पोरं हायत त्याला."

अण्णांनी कागद घेतला. एकदा वाचला. मग मान वर करून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा कळलं, सगळं, एका क्षणात.

"थोरलीला कुणी हात लावला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"पुसली का पाण्यानं?"

"नाही अण्णा."

"देवा!" एवढंच म्हणून ते आत धावले.

मोठे साहेब अकराला आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. त्याला दुपारी चौक गावावरून पुढे जायचं होतं. अण्णांनी सांगितलं की एक नाव राहिलंय. साहेब म्हणाले, "तयार झालेल्या यादीत तोंडी सांगण्यावरून नाव घालता येत नाही. मोजणीदार कुठे आहे?"

"तो दुसऱ्या तालुक्यात गेला साहेब."

"मग कागद आहे?"

"कागद नाही साहेब," अण्णा म्हणाले. "खरवस आहे."

आमच्या साहेबांनी कपाळावर हात मारला. अण्णांनी तोपर्यंत थोरलीचं ताट ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलंसुद्धा होतं. त्यांनी ते मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ऊन खिडकीतून टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं आणि जेलीला घाम सुटायला लागला होता. अण्णांनी एक कागद दमट करून तिच्यावर टाकला, तळव्यानं दाबला आणि उचलला. वरची पाच-सहा नावं पुसट उमटली. खाली नुसती जांभळट छटा. अकरा-बारा नाहीच.

अंगणातला पदू आता दारात आला होता. त्यानं चौकट धरली होती.

"शाई खाली गेलीय, पण गेलेली नाही," अण्णा म्हणाले. "वरून बघितली तर दिसेल. आरसा आणा रं कुणीतरी!"

हेडक्लार्क मिशा कातरायला खणात आरसा ठेवायचे. तो आला. मोठे साहेब टेबलावर वाकले, जेलीवर आरसा धरला आणि उलटी अक्षरं सुलटी करून वाचायला लागले. एवढा मोठा अधिकारी खरवसात आरसा घालून "चां… गू… प… दू" करत होता, पण त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

"हे बघा," साहेब सरळ होत म्हणाले, "हे तर एकच नाव दोनदा लिहिलंय."

माझीच चूक! तीच, जशीच्या तशी. मला वाटलं संपलं. पदूचं संपलं.

"नावं वाचू नका साहेब," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, जो कधी चढत नसे. "अंगठे बघा!"

त्यांनी चांगूला आणि पदूला आत ओढलं. दोघांचे अंगठे जांभळ्या शाईत बुडवून कोऱ्या कागदावर घेतले. म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना आडवा काप होता. जेलीतल्या अकराव्या नावापुढे तोच काप होता. बाराव्या नावापुढे नव्हता. तो अंगठा लहान, गोल, पदूचा. साहेबांनी आरशात बघितलं, कागदावर बघितलं, परत आरशात बघितलं. मग पेन काढलं आणि स्वतःच्या हातानं यादीत तेविसावं नाव लिहून बाजूला सही केली. म्हातारा अण्णांच्या पाया पडायला वाकला तर अण्णा ओरडले, "टेबलाला धक्का नको रं, ती हलतीय!"

मग साहेबांनी तो प्रश्न विचारला. "ही चूक कुणाची?"

हेडक्लार्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचं अंथरूण आलं. पण अण्णा आधी बोलले.

"जेलीची साहेब. पहिला छाप मनासारखा आला नाही म्हणून धाकटीवर परत काढला. उकाड्यात जेली सैल होते आणि एखादी ओळ गिळते. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मुंबईला असलेला माणूस धाकटीवर छाप कसा काढेल, हे कुणी विचारलं नाही. हेडक्लार्कांनी तोंड मिटलं. मी खाली बघत राहिले. मला रडू येत होतं आणि मी भित्री होते, दुसरं काही नाही.

बारा वाजता थोरली वितळली. तेवीस नावं आणि तेवीस अंगठे त्या जांभळ्या पाण्यात मिसळून गेले. अण्णा ताटावर गोणपाट टाकत पुटपुटले, "झोप गं आता."

जाता जाता मोठे साहेब शेरा मारून गेले की ओळी गिळणारी वस्तू सरकारी कामाला चालणार नाही. पावसाळा संपायच्या आत आमच्याकडे सायक्लोस्टाईलचं यंत्र आलं. त्याची पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळजवळ सारखी. अण्णांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. येणारा-जाणारा चिडवायचा, "काय अण्णा, खरवस अजून ओळी खातो का?" ते हसायचे. ज्या माणसानं जेलीच्या अब्रूसाठी हेडक्लार्कांना हाडं गवत म्हणून खपवली, तो माणूस आठ वर्षं जेलीची बदनामी हसून ऐकत होता, आणि मी चार टेबलं सोडून बसत होते. मी कायम झाले. मला बढती मिळाली.

त्यांची बोटं हळूहळू गोरी होत गेली. ते मला बघवत नसे.

अण्णा निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना भेटायला पोशीरला गेले. अंगणात कोंबड्या होत्या. काकूंनी मला पाणी दिलं आणि हसत सांगितलं, "ते ताट मी कोंबड्यांना पानी ठेवायला घेतलं तर काय सांगू! आठ दिस सगळ्यांच्या चोची जांभळ्या. हे म्हंतात, ऱ्हाऊ दे, ऑफिसातल्या वाटतात."

अण्णा ओटीवर भात वाळत घालत होते. मी खूप दिवस पाठ केलेलं वाक्य काढलं. "अण्णा, ती ओळ जेलीनं नव्हती गिळली."

"तुझ्या वेलांट्या मी ओळखत नाय का गं?" त्यांनी वर न बघता म्हटलं.

"मग मला कधी बोलला का नाहीत? नुसतं रागवायचं तरी."

"रागावून काय झालं असतं? तू गेली असतीस, आणि पुढची यादी दुसऱ्या कुठल्या तेज नजरेच्या हातात पडली असती." मग हात झटकून माझ्यासमोर बसले. "त्या दिवसानंतर एक तरी अंगठा न बघता सोडलास का?"

"नाही."

"मग झालं की."

मी रडत होते. काकू आतून बघत होत्या. अण्णा म्हणाले, "पण मला कशाला सांगतेस? मी जवळचा. मला फिकं चालतं. लांबच्याला सांग."

मी मान हलवली, घरी आले, आणि कुणालाही सांगितलं नाही. नोकरी होती, नाव होतं, हाताखाली माणसं होती. अण्णा गेले तेव्हा मी गेले होते पोशीरला. तिथेही दोघेजण खरवसाच्या ओळी खाण्याची गोष्ट सांगून हसले, आणि मी चपला शोधत राहिले.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. आता मला कुणी घरी पाठवू शकत नाही, घरीच आहे. म्हणून स्वच्छ लिहिते. अण्णांच्या जेलीनं उभ्या जन्मात एक ओळ गिळली नाही. पदू चांगू पारधी हे नाव मी गाळलं, अंगठे न बघता गाळलं, आणि दुसऱ्यावर ढकललेलं बघत गप्प बसले.

कर्जतला आता कोपऱ्याकोपऱ्यावर झेरॉक्सची दुकानं आहेत. त्यात पहिली प्रत आणि पन्नासावी प्रत अगदी एकसारखी गर्द येते, एका दुकानदारानं मला दाखवलं. तरी या लिहिलेल्याची पहिली प्रत मी वाडीवर पाठवणार आहे. पदूची दळी आता त्याचा मुलगा कसतो. तो शाळा शिकलाय, त्याला वाचता येतं. नाव चांगू पदू.